भट्टीचा आकडा

आठशे पन्नास. आठशे त्रेचाळीस. आठशे सत्तावन्न. निकिता पेटीसमोर येऊन उभी राहिली आणि भट्टीचा आकडा घोडेगावच्या बाजारातल्या बुजऱ्या खोंडासारखा उड्या मारायला लागला.

भट्टीत ट्रॅक्टरचे गिअर तापत होते. पाच अंश इकडंतिकडं झालं तरी माल कच्चा. तापमान टिपणारी ही नवी पेटी आठ दिवसांपूर्वी निकितानंच बसवली होती, आणि कारखान्याच्या कल्याण साहेबांनी आज सकाळी सगळ्यांदेखत सांगितलं होतं, "पाच वाजेपर्यंत आकडा जागेवर आला नाही, तर उद्यापासून पारनेरहून यायची तसदी घेऊ नका."

साडेचार झाले होते. बिचारीनं काय करायचं बाकी ठेवलं होतं? भट्टीतला सेन्सर बदलला, तारा बदलल्या, अर्थिंग तपासलं. नाकी नऊ आले, पण आकडा काही ऐकेना.

"तू नसलीस की गरीब गाईवानी ऱ्हातो बग," भट्टीवरचे बिभीषणमामा म्हणाले. "तू आलीस की लागला नाचाया."

पाथर्डीकडचा हा म्हातारा. पोर आली की स्वतःचा पंखा उचलून तिच्याकडं तोंड करून ठेवायचा. भट्टीपुढं तिचा जीव उकडतो, हे अख्ख्या कारखान्यात त्या एकालाच दिसत होतं.

निकिताला हुंदका आला. कुणी बघू नये म्हणून ती दारापर्यंत गेली, ओढणीनं डोळे पुसले. मामांनी पंखा आपल्याकडं वळवला. तिनं मागं पाहिलं, तर लांबूनही लाल आकडा स्पष्ट दिसत होता. आठशे पन्नास, जागचा हलत नव्हता. ती परत आली, मामांनी पंखा तिच्याकडं केला, आणि आठशे चव्वेचाळीस!

तिनं पंखा आणि पेटीच्या मधे वही धरली. आकडा सरळ. वही काढली, आकडा नाचला.

अगं बाई! तारा जिथं पेटीला जोडतात, तिथली गरमी धरूनच ती पेटी भट्टीचा हिशेब करते. आणि त्याच उघड्या जोडांवर आठ दिवस पंख्याचा वारा; जोड गार पडले की हिशेब चुकायचा. झाकण तर तिनंच पहिल्या दिवसापासून काढून ठेवलं होतं, तपासायला सोपं पडावं म्हणून.

तिनं मामांना दाखवलं. त्यांचा चेहराच उतरला. झटकन पंखा बंद करत ते म्हणाले, "म्हंजी... माज्या पंख्यानं व्हय गं?"

तेवढ्यात कल्याण साहेब आलेच. "काय निघालं?"

मामांनी तोंड उघडलं, पण निकिता आधी बोलली. "झाकण उघडं राहिलं होतं, सर. चूक माझी."

साहेबांनी पाच मिनिटं आकडा तपासला. आठशे पन्नास, हलला नाही. "लावा मग झाकण. उद्या आठला या," म्हणाले आणि निघून गेले.

निकितानं झाकण लावून चारही स्क्रू आवळले. मामा अंग चोरून उभे होते. दोघंही घामानं निथळत होते.

"फिरवा की मामा इकडं पंखा."

"नगं बाई. परत इखाची परीक्षा कशाला?"

"लावा तर!"

मामांनी भीतभीत पंखा तिच्याकडं करून लावला. डोळे मात्र आकड्यावर. आठशे पन्नास. जरा वेळ वाट पाहिली, तरी आठशे पन्नासच.

मग त्यांनी हळूच पंख्याचं बटण आणखी एक घर पुढं सरकवलं.