शून्य नायट्रेट

वाशीमच्या घरात मी काचेच्या टाकीत समुद्र थाटला, त्याला महिना झाला होता. पण त्यातले मऊ कोरल, म्हणजे प्रवाळ, आठ दिवसांपासून मुठी आवळून बसले होते. मी दिवा खाली-वर केला, पंपाचं तोंड फिरवलं, पाणी बदललं. रोज पाण्याची टेस्ट करून बाबांना मोठ्यानं वाचून दाखवायची, "नायट्रेट शून्य! इतकं स्वच्छ पानी कोनाच्याच टाकीत नसन, बाबा!"

वांग्याच्या वावरातून येऊन पाय धुता धुता बाबा विचारायचे, "मंग खाते काय थे?"

"नायट्रेट खायाले झाड नाही थे, बाबा. जनावर हाय!"

आज सकाळी मी किंचाळलेच. सगळे कोरल उघडले होते! एकेक बोट पसरून पाण्यात डुलत होतं. मी नाचतच व्हिडिओ काढला आणि कोरलवाल्यांच्या ग्रुपवर टाकला. लगेच तिथल्या एका जाणकारांनी विचारलं, "काय दिलंत?"

"काहीच नाही," मी मोठ्यानं म्हणत लिहू लागले.

"काहीच नाही कसं?" मागून बाबा म्हणाले. "वांग्यांले ड्रिपमधून नायट्रेटचं खत सोडतो ना, त्यातलं चिमटीभर तीन दिवसांपासून टाकून राह्यलो मी. तूच तं रोज सांगत होती, शून्य हाय म्हणून."

मी मोबाइलवरचं 'काहीच नाही' खोडलं. बाबा मात्र काचेला नाक लावून, माझ्याहून खूश होऊन विचारत होते, "फूल तं आलं, वैभवी. आता फळ कधी धरते?"