चिमूटभर रवा

रिव्हॉल्व्हरचा घोडा पडला, तांब्याची टोपी फट्‌कन फुटली आणि पुढे काहीच झालं नाही.

तेक्लाबाईंनी दातओठ खात पुन्हा घोडा ओढला. फट्. पुन्हा ओढला. फट्. खुराड्यापाशी उभ्या असलेल्या माणसानं गळपट्टा नाकावर सारखा केला आणि बाजारहाट करून परतावं तसा सावकाश चालत बर्चच्या झाडांत शिरला. मेला धावलासुद्धा नाही!

दुसऱ्या दिवशी शेजारचा झेनोन चहाला आला, तेव्हा बाईंनी रिव्हॉल्व्हर टेबलावर आपटलं.

"हळू, बाई, हळू! भरलेलं असतं ते."

"भरलेलं? कपाळ माझं! सहा वेळा दाबलं, सहा वेळा फट्. यापेक्षा लाटणं बरं. अहो, त्या चोराला काडीचा धाक नाही. माझ्या समाधानासाठी तरी पळावं की नाही त्यानं?"

झेनोन हसला. "हवा दमट आहे. बंदुकीच्या या दारूला नोव्हेंबर मानवत नाही. तुमच्या जावयानं हे दीडशे वर्षांपूर्वीच्या बनावटीचं ध्यान आणून दिलं, त्याला मी काय करू?"

जावयाचा तरी काय इलाज होता? काडतुसाच्या पिस्तुलाला परवाना लागतो. ही जुन्या रिव्हॉल्व्हरची नक्कल मात्र कुणीही घ्यावी. कायदाच उफराटा, कारण त्यात भरायची काळी दारू विकत घ्यायची तर पुन्हा पोलिसांकडचं कार्ड हवं. ते बाईंकडे नव्हतं. झेनोनकडे होतं, तो नेमबाजीच्या क्लबात जायचा. बाईंचा नवरा गेल्यापासून कुंपण, छप्पर, पाण्याचा पंप, सगळं तोच बघायचा. वसंतात त्यांचा कुत्रा रेक्स एकाएकी गेला, तर त्याचा खड्डाही झेनोननंच खणला. घराची दुसरी किल्ली बाईंनी आपण होऊन त्याच्या हातात दिली होती.

रिव्हॉल्व्हर भरायचं म्हणजे नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. चाकात सहा खण. प्रत्येकात मोजून दारू, उरलेली जागा भरायला वर चिमूटभर रवा, मग शिशाची गोळी दाबून बसवायची, तिच्यावर चरबी आणि मागच्या बाजूला ठिणगी पाडणारी तांब्याची टोपी. एवढं करून फट्!

"चूल पेटलेली आहे, तुम्ही आत जा," झेनोन नेहमीसारखं म्हणाला. "ठिणगी उडाली तर दोघंही थेट स्वर्गात, सेंट पीटरच्या दारात."

बाई कुरकुरत आतल्या खोलीत गेल्या आणि तिथून ओरडल्या, "रवा जरा जपून हं! नवं पाकीट अर्धं झालं आणि मी दुधातला रवा एकदाही केलेला नाही."

"रव्यावरून काय भांडता? मी आणून देतो!"

निघताना तो दारात रेंगाळला. "बाई, इरेना एवढी बोलावते, तर जात का नाही बियाविस्तोकला? लेकीचं घर आहे. आणि हे विकायचंच झालं तर मी आहे ना. परक्याच्या घशात नको जायला."

"या घराचा ओंडका न् ओंडका माझ्या नवऱ्यानं रचलाय. मी इथून आडवीच बाहेर पडेन."

"असं अभद्र बोलू नये," झेनोन म्हणाला. मग सांगितलं की तो दुपारी बहिणीकडे निघतोय, तीन तासांचा रस्ता, रविवारीच परत. रिव्हॉल्व्हर तयार आहे, निवांत झोपा.

शुक्रवारी अंधार पडायच्या सुमाराला बाई काकडीचं लोणचं आणायला तळघरात उतरल्या, तर कडी उघडी. उन्हाळाभर राबून भरलेल्या बरण्या एकूण एक फोडलेल्या. नेलं काहीच नव्हतं. बाई पायरीवर बसल्या आणि रागानं रडल्या. भीती वाटली असती तर एक वेळ परवडलं असतं. हा नुसता संताप होता, आणि तो काढायला समोर माणूस नव्हता.

त्यांनी झेनोनला फोन लावला.

"रिव्हॉल्व्हरमध्ये भरलेलं सगळं मी आज उपसून धुऊन टाकतेय! उद्या जावई येतोय. त्याच्याकडून शिकते, माझी मी भरते. कार्डसुद्धा काढते. बघू मग कसं फट् होतं ते."

 झेनोन म्हणाला, "बाई, हात लावू नका. हातात उडेल. मी इथे लांब बसलोय, काही झालं तर धावून कोण येणार? रविवारपर्यंत थांबा."

"रविवार, रविवार! तोवर चोर माझ्या पलंगावर घोरत पडेल!" बाईंनी फोन ठेवला.

उडेल म्हणे. त्यानंच एकदा सांगितलं होतं, या दारूला गरम पाणी लागलं की ती मेली, पाणी शाईसारखं काळं होतं. बाईंनी टोप्या काढल्या. जावयानं रिव्हॉल्व्हरसोबत दिलेल्या पेटीतल्या छोट्या पान्यानं टोप्यांखालच्या नळ्या फिरवून काढल्या. चाक पातेल्यातल्या कढत पाण्यात सोडलं, वर झाकण ठेवलं आणि पातेलं चुलीच्या कडेला सरकवलं.

जरा वेळानं दाराच्या कुलपात किल्ली फिरली. बाई दचकल्याही नाहीत. किल्ली दोघांकडेच होती.

"या, या! विमानानं आलात की काय?" मागे न बघताच त्या म्हणाल्या. "हात लावू नका म्हणे! सगळं एकटीनं केलं. या, बघा तुमच्या दारूची शाई."

बुटांचा आवाज अगदी मागे येऊन थांबला. बाईंनी एप्रनच्या टोकानं झाकण उचललं.

पातेल्यात काळं असं काहीच नव्हतं. सहाही भोकांतून रवा तेवढा फुगून वर आला होता, दुधासारखा पांढरा.