ऊन दाखवलेली बरणी

सहा वर्षांच्या मुक्ताची इन्सुलिनची वेळ टळत चालली, तरी घरीच इन्सुलिन बनवणाऱ्या यीस्टच्या बरणीवरची, डोस तयार झाल्याचं सांगणारी पट्टी निळी होईना. तिच्या आईने, हेमांगीने, बरणीला हात लावला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला.

"आई, ही उन्हात ठेवली होती?" तिने सासूबाईंना विचारलं.

"गच्चीत. बुरशी धरू नये म्हणून ऊन दाखवलं," सासूबाई म्हणाल्या.

हेमांगीच्या लक्षात आलं. यीस्टच्या पेशीत इन्सुलिनचा धागा गुंतू न देता जालिकेच्या, म्हणजे प्रथिनांची घडी घालणाऱ्या कप्प्याच्या, दारातून आत पोचवतात ती सोबती प्रथिनं. उन्हात ती उष्णतेने विस्कटलेली बाकीची प्रथिनं सावरायला धावली असणार. इन्सुलिनच्या धाग्याच्या दाराबाहेरच गाठी झाल्या असणार.

"शेजारच्या कर्णिकांकडून आजचा डोस मागून आणते," म्हणत तिने चपला घातल्या.

सासूबाईंनी तिचा हात धरला.

"त्यांचीही बरणी गच्चीतच आहे गं. सगळ्या बिल्डिंगला मीच सांगितलं."