अर्धाच डबा

अरे हसू नका, ऐका ना! ठाण्याच्या ऑफिसात आम्ही ते डाएटचं ॲप बनवतोय. जेवणाआधी डब्याचा फोटो काढायचा, जेवल्यावर परत काढायचा, की किती खाल्लं ते ॲप सांगतं. सगळ्यांचं बरोबर यायचं, माझंच चुकायचं. डबा चाटूनपुसून रिकामा, तरी ॲप म्हणायचं, 'अर्धंच खाल्लं.'

पंधरा दिवस डोकं फोडलं रे मी! कोड दोनदा नव्याने लिहिला, फोन बदलला, काही उपयोग नाही. सर म्हणाले, "क्षिप्रा, शुक्रवारी क्लायंटला दाखवायचंय. नाही जमलं तर हे काम साकेतकडे." माझं ॲप, आणि साकेतकडे? वर घरी डोंबिवलीत आईची कटकट, "डबा मोठा दिला तरी वाळत कशी चाललीयस गं?"

काल दुपारी वैतागून मी साकेतलाच समोर बसवलं. म्हटलं, "मी जेवते, तू नीट बघ. एक कणसुद्धा टाकत नाही मी."

आधी तो हसत होता. "खा बाई खा, लाइव्ह टेस्टिंग!" मग हसायचा थांबला. त्याची पोळी हातातच राहिली.

"क्षिप्रा," तो एकदम हळू बोलला, "एक घास तू खातेयस. दुसरा शेजारी कोणाला भरवतेयस?"

"गप रे," म्हणत मी वळले.

माझा हात शेजारच्या रिकाम्या खुर्चीसमोर थांबलेला. खाली काहीच सांडलं नव्हतं, आणि बोटांतला घास गेलेला.