टपावरचा सांधा

लेक आपली जुनी गाडी घेऊन बाबांच्या गॅरेजमध्ये आली. मागच्या दाराच्या वर, टपाच्या सांध्यावर रंगाला तडे गेले होते. "बाबा, तेवढेच भरून द्या. सगळी गाडी रंगवू नका," ती म्हणाली.

बाबांचा सगळा जन्म गाड्यांचे पत्रे ठोकण्यात गेला होता. खाचा बुजवायला पुटीचा लगदा भरला की ते त्याच्यावर असा अंगठा फिरवायचे, की काम कंपनीतून झाल्यासारखं दिसावं. अंगठ्यावरच्या जुन्या जखमेची एक तिरपी रेघ तेवढी पुटीत उमटायची आणि रंगाखाली झाकून जायची.

त्यांनी तडकलेला रंग खरवडला. खालच्या जुन्या पुटीत तीच तिरपी रेघ होती.

बाबांनी रेघेवर आपला अंगठा टेकवून पाहिला; तंतोतंत जुळला. लेक शाळेत असताना एका दलालासाठी त्यांनी दोन अपघाती गाड्यांचे शाबूत राहिलेले अर्धे भाग जोडून एक गाडी उभी केली होती. ती हीच.

"पोरी, ही चालवू नकोस," ते म्हणाले. "मीच जोडलेली आहे ही. जोड सुटत चाललाय. एका धडकेत दोन तुकडे होतील."

"मेकॅनिकने सांगितलंय मला," लेक म्हणाली. "म्हणून तर रंगवू नका म्हटलं. नवा रंग दिसला की गिऱ्हाईकाला शंका येते. उद्या येतायत ते, बायको-मुलांना घेऊन."

बाबा तिच्याकडे बघतच राहिले.



"असं काय बघताय? एकदा विकली की आपला काय संबंध, असं तुम्हीच म्हणायचात ना?"