मशीनमधलं झाकण

मशीन पुन्हा टकटकायला लागलं, तशी उज्ज्वला पिठाच्या हातांनीच धावली आणि बटण बंद केलं. दार उघडताच वाफेबरोबर वास आला. तोच.

"ईकी टाक ते खोकं भंगारवालाले!" बाहेरच्या खोलीतून तिचा नवरा हेमराज ओरडला.

भांडी धुण्याचं हे जुनं मशीन त्याच्या सेठने नवं घेतल्यामुळे यांच्या भेस्तानच्या फ्लॅटमध्ये आलं होतं. सासूने, सरलाबाईंनी, आधी नाक मुरडलं. मग एकाएकी त्यांना त्याचा लळाच लागला. "तू जाय कामले. दुपारना भांडा मी लाई देसू," म्हणायला लागल्या. उज्ज्वला पांडेसऱ्यात साड्यांच्या पॅकिंगला जायची. तिला आनंदच झाला. आणि मग हा वास सुरू झाला.

तिने करायचे ते सगळे इलाज केले. लिंबाच्या फोडी आत ठेवून मशीन रिकामंच फिरवलं. खायचा सोडा टाकला, व्हिनेगर ओतलं, दाराच्या रबरातला चिकटा जुन्या टूथब्रशने खरवडला. एक दिवस बरा जायचा, दुसऱ्या दिवशी वास हजर. बरं, तो खरकट्याचा वास नव्हता. नवापूरला माहेरच्या चुलीवरून रविवारी हाच वास यायचा. सुक्या मासळीचा.

आणि हे घर माळकरी! हेमराजच्या गळ्यात तुळशीची माळ, सासूबाईंच्याही गळ्यात लग्न होऊन आल्यापासून माळ. उज्ज्वलाने मासळीला सोयरीक ठरली तेव्हाच हात जोडले होते. लग्नात तिचं नावही गेलं. या घरच्या रीतीप्रमाणे तांदळाच्या ताटात अंगठीने नवं नाव लिहिलं आणि सुवर्णाची उज्ज्वला झाली. माहेरहून आणलेल्या भांड्यांवर तेवढं सुवर्णा राहिलं. तेव्हा सासूने कानाशी येऊन सांगितलं होतं, "सवय व्हई जास वं पोरी."

रविवारी तिने मशीनच्या तळाची जाळी काढली. जाळीत माशाचा काटा होता.

उज्ज्वला काट्याकडे बघत राहिली. मशीनमध्ये घरातली भांडी जायची आणि हेमराजचा जेवणाचा डबा जायचा. ती स्वतः खात नव्हती. सासूबाईंच्या बाबतीत तसा विचार करणंही पाप. राहिला डबा. तो रोज इच्छापोरला जात होता. हेमराजचं काम तिकडच्या कारखान्यात लागल्यापासून त्याला ओव्हरटाइमही फार असायचा, आणि घरी आला की भूक बेताची.

तिने खालचा जाळीदार ट्रे ओढून काढला. फिरत्या पात्याखाली एका लहान डब्याचं स्टीलचं झाकण तिरकं होऊन अडकलं होतं. पातं त्याच्यावर आपटत होतं, टकटक ती हीच. झाकण तिने या घरात कधी पाहिलेलं नव्हतं. त्याच्यावर नाव कोरलेलं होतं. सुषमा.

उज्ज्वला फरशीवर बसकण मारून बसली. रडू आलं नाही, संताप आला. कोणीतरी बाई याला प्रेमाने मासळी भरून देते, हा माळ घालून ती खातो, आणि डबा धुते कोण? तर मी!

तिने झाकण ब्लाउजांच्या घडीत लपवलं. रात्री जेवताना सहज विचारल्यासारखं विचारलं, "तुमना कारखानामा कोनी सुषमा शे का?"

"नही तो. काबर?" हेमराज भाकरी मोडत म्हणाला. त्याचा चेहरा कोरा होता.

पण सरलाबाईंना असा ठसका लागला, की डोळ्यांतून पाणी आलं. उज्ज्वला त्यांना पाणी द्यायला वाकली, तेव्हा त्यांचा गळा मोकळा दिसला.

"माळ कुठे गयी?"

"दोरा तुटना. ओवी लिसू."

म्हणजे सासूला ठाऊक होतं तर. माय लेकाला पाठीशी घालत होती. उज्ज्वलाचा जीव आणखीच जळला. आपलीच माणसं आपल्याला असं फसवतात याचं तिला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी सरलाबाई ओट्याखाली, फळीवर, पिठाच्या डब्यामागे काहीतरी धुंडाळत होत्या.

"काय शोधी राहिन्यात?"

"काही नही वं. चमचा."

"मशीनवालाले बलावस मी. वास जात नही."

"कसाले?" सरलाबाई घाईने म्हणाल्या. "माले तर कसाच वास येत नही."

उज्ज्वला आपल्या खोलीत गेली. तिचं ठरलं. तिने पिशवीत चार साड्या भरून ठेवल्या आणि एका दुपारी कामावरून अर्ध्या रजेने परतली. झाकण हेमराजच्या उशीवर ठेवायचं आणि नवापूरची गाडी धरायची. पुन्हा या उंबऱ्यात पाऊल टाकायचं नाही.

आपल्या किल्लीने तिने हळूच दार उघडलं. बाथरूममध्ये पाणी पडत होतं. सासू आत होती, ते एका परीने बरंच झालं. तिने पिशवी उचलली, झाकण बाहेर काढलं. एवढ्यात बेल वाजली.

दारात साठीच्या घरातली एक बाई उभी होती, घामाघूम. हातात लहानसा स्टीलचा डबा. त्याच्या तोंडावर झाकण नव्हतं, प्लास्टिकची पिशवी रबराने घट्ट बांधली होती. तरी वास येतच होता. तोच.

उज्ज्वलाच्या हातातलं झाकण बघून बाईचा चेहरा खुलला. "हाई सापडनं का! बरं व्हयनं. मी इच्छापोरथीन ऊनू. सुषमा शे का घरमा?"

उज्ज्वलाने दार अडवलं. इथपर्यंत मजल गेली होती तर!

"कोन सुषमा?" तिने दरडावून विचारलं.

बाई गोंधळून दारावरच्या पाटीकडे बघायला लागली. बाथरूममधलं पाणी थांबलं. आणि आतून सरलाबाईंचा आवाज आला, उज्ज्वलाने या घरात कधीच न ऐकलेला, एखाद्या परकरी पोरीचा.

"ऊनू वं लीला! ये, बठ! घरमा कोनीच नही!"