डबडोबाची मैत्रीण

"ती मी आहे," वाळलेल्या कपड्यांच्या ढिगातून आई पुन्हा म्हणाली.

"काहीतरीच," ठमी म्हणाली. तिने टीव्हीवरची नजरसुद्धा हलवली नाही.

पडद्यावर दोन वेण्यांची मुलगी पत्र्याच्या डबडोबाच्या खांद्यावर बसून चोरांवर पीठ उधळत होती. डबडोबा परग्रहावरून आला होता, आणि त्याच्या यानाला बांधलेला दोरा स्वच्छ दिसत होता. आठवडाभर हाच सिनेमा चालू होता. चोर पिंपात कधी पडणार हे ठमीला पाठ झालं होतं. आईने लहानपणी सिनेमात केलेलं हे एवढं एकच काम. लेकीला कळायला लागलं की दाखवू, म्हणून किती दिवस तिने मनात धरून ठेवलं होतं.

"अगं, नाव येतं माझं सुरुवातीला."

"मला कुठे वाचता येतं?"

"मग बाबांना विचार."

"तीच आहे ती," बाबा पेपराआडून म्हणाले. "तेव्हा स्वभावाने गरीब होती."

"तुम्ही मध्ये बोलू नका."

"बघ," ठमी म्हणाली. "ती मुलगी कुणावर खेकसत नाही."

आईने हातातला टॉवेल खुर्चीवर आपटला. "दिवसभर तुझ्यामागे धावायला लाव तिला. मग बघू किती हसते ते."

"तू ती असशील तर डबडोबा कुठे राहतो सांग."

"कसला डबडोबा न् काय. आत एक काका होते. घामाने निथळायचे. सारखं झाकण उघडून पाणी द्यावं लागायचं त्यांना."

ठमीने आता मान वळवली.

"ती असं कधीच म्हणणार नाही," ती म्हणाली आणि आईकडे पाठ करून बसली.

बाबांनी पेपर आणखी वर धरला. आईने चादर ओढून घडी घालायला घेतली.

डबडोबा यानाची शिडी चढू लागला. खाली उभ्या मुलीचा खालचा ओठ पुढे आला. हनुवटी थरथरली.

मागे चादरीची सळसळ थांबली. ठमीने वळून पाहिलं. अर्धी घडी हातात धरून आई पडद्याकडे बघत होती, आणि तिचाही ओठ पुढे आला होता. ठमीने पडद्याकडे पाहिलं, मग पुन्हा आईकडे.

मग ती सोफ्यावर थोडी सरकली.

"रडू नको गं," ती हळूच म्हणाली. "येतो तो परत. मी पुढचं बघितलंय."